कै.नंतरचं टिंब

लग्नपत्रिकेत एका जिवंत माणसाच्या नावाआधी 'कै.' छापलं गेलं. तो मजकूर मी टाइप केला होता, म्हणून दाव्यात मी प्रतिवादी क्रमांक तीन होते. एक नंबरला नवरीचे वडील आण्णासाहेब, दोन नंबरला आमच्या प्रेसचे मालक महालिंगप्पा. वादी म्हणजे नवरीचे मामा अमरसिंह, आण्णासाहेबांच्या बायकोचे, कमलबाईंचे, सख्खे भाऊ. वय सत्तावन्न, प्रकृती उत्तम.

मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलंय. एम.एस्सी.ला नंबर लागेपर्यंत नळदुर्गला महालिंगप्पांच्या प्रेसमध्ये डीटीपीचं काम करते. चूक झाली की ती कशी झाली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून या चुकीचाही मी माग काढला.

आण्णासाहेबांनी मजकूर लिहून दिला नव्हता. शेतात मोटार चालू असताना, विहिरीच्या काठावर उभं राहून त्यांनी मोबाइलवर आवाजी निरोप पाठवला होता. चार मिनिटं बारा सेकंदांचा. त्यात चौऱ्याऐंशी नावं होती. आमच्याकडं बोलताना पुढचा शब्द पटकन सापडला नाही की माणूस मध्येच 'कै' म्हणतो. 'काय'चं ते झिजलेलं रूप. त्याला अर्थ नसतो, नुसती जागा भरायची. आण्णासाहेबांना ही सवय जास्तच आहे. नंतर मी तो निरोप कागद-पेन घेऊन ऐकला. 'कै' तेवीस वेळा आलं होतं. त्यातलं नऊ वेळा थेट नावाच्या आधी. आठ वेळा मी ते विचार न करता गाळलं. नवव्या वेळी ठेवलं, आणि पुढं टिंब दिलं.

याच वेळी का, हा खरा प्रश्न होता. निरोप मी संगणकावर उघडून लहरींचं चित्र बघितलं. आठ ठिकाणी 'कै' आणि नाव यांच्यातलं अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी होतं. अमरसिंह या नावाआधी ते एक पूर्णांक नऊ सेकंद होतं, आणि त्या वेळात आण्णासाहेबांनी एक लांब श्वास सोडला होता. कानात इअरफोन घालून ऐकताना तो श्वास गेलेल्या माणसाच्या आठवणीसारखा वाटतो. त्याच्या वर दोन ओळी आजी-आजोबांच्या खऱ्याखुऱ्या 'कै.'च्या होत्या. माझ्या बोटांनी तिसरा दिला.

श्वासाचं कारण मला पुढं कळलं. आण्णासाहेब आणि अमरसिंह आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. अमरसिंहांनी फवारणीचा पंप नेला होता. परत दिला तेव्हा आण्णासाहेबांचं म्हणणं, ह्याचा नोझल बदललाय. अमरसिंहांचं म्हणणं, हाच होता. दोन्ही नोझल पितळी, एकाच दुकानातले. ते नाव उच्चारायचं म्हणजे आण्णासाहेबांना थोडा दम घ्यावा लागला, एवढंच.

छापण्याआधी मी कच्ची प्रत त्यांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. ग्रुपमध्ये एकेचाळीस माणसं. सतरा जणांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. कोर्टात प्रकरण गेल्यावर मी या सतरापैकी बारा जणांना विचारलं की तुम्ही काय वाचलं. बाराही जणांनी स्वतःचं नाव वाचलं होतं. तिघांनी त्याशिवाय आपलं नाव चुलतभावाच्या वर आहे की खाली, तेही बघितलं होतं. अंगठा देणाऱ्यांत अमरसिंह होते. त्यांना मात्र मी विचारलं नाही.

नऊशे पत्रिका छापल्या. पहिली तुळजापूरला देवीपुढं ठेवली. दुसरी रिवाजाप्रमाणं मामाच्या घरी. बोलणं बंद असलं तरी रिवाज चुकवता येत नाही, म्हणून आण्णासाहेब आणि कमलबाई दोघं गेले. अमरसिंह ओट्यावर बसले होते. कमलबाईंनी कुंकू लावून पत्रिका हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि भाचीच्या नावापासून वाचत वाचत खाली आले. मग म्हणाले, "दाजी, म्या कधी गेलो?"

आण्णासाहेबांना वाटलं, पाव्हणे कुठं गावाला जाण्याबद्दल बोलतायत. आठ महिन्यांनी बोलणं सुरू झालं याचाच त्यांना आनंद झाला होता. ते म्हणाले, "कवा गेलता? मला न्हाय कळलं. आलात कधी?"

हे कमलबाईंनी मला स्वतः सांगितलं. सांगताना त्या हसल्या नाहीत.

तोपर्यंत दीडशेच्या आसपास पत्रिका गेल्या होत्या. अमरसिंहांना फोन येऊ लागले. फोन त्यांनीच उचलल्यावर समोरचे लोक गडबडून 'राँग नंबर' म्हणायचे. तेरखेड्याहून एक लांबचे पाव्हणे गळ्यात टॉवेल टाकून, मान खाली घालून एसटीनं आले. ओट्यावर बसले आणि वर न बघता म्हणाले, "लई वाईट झालं." अमरसिंहांनी त्यांना चहा दिला. चहा घेताना त्यांची नजर वर गेली. मग आलोच आहे तर म्हणून त्यांनी सोयाबीनची चौकशी केली आणि चारच्या गाडीनं परत गेले. जाताना तब्येतीला जपा म्हणाले.

महालिंगप्पांनी मला उपाय विचारला. मी म्हटलं, स्टिकर. सहा मिलिमीटर रुंदीचा, त्यावर 'श्री.'. साडेसातशे स्टिकर कापून मी उरलेल्या पत्रिकांवर लावले. पण पत्रिका उजेडाकडं धरली की स्टिकरमधून 'कै.' दिसायचं. मी तीन जाडीचे कागद करून बघितले. तिसऱ्या कागदातून दिसत नव्हतं, पण तो इतका जाड होता की नुसता हात फिरवला तरी अमरसिंहांच्या नावापाशी गाठ लागायची. एक नमुना त्यांच्याकडं पाठवला. त्यांनी निरोप दिला की मढ्यावर चादर टाकली म्हणून ते मढं नसतं असं न्हाय.

आणि ते धाराशिवला जाऊन वकिलाला भेटले.

दाव्यात त्यांनी एक रुपयाही मागितला नव्हता. मागण्या दोन. उरलेल्या पत्रिका वाटायला मनाई करावी, आणि 'वादी हा छपाईच्या दिवशी हयात होता व आजही हयात आहे' असा ठराव कोर्टानं करून द्यावा. समन्स घेऊन बेलीफ प्रेसमध्ये आला तेव्हा त्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "मॅडम, हे कुणी दिलंय?" मी म्हटलं, "वादीनं." तो म्हणाला, "म्हणजे हायत ना?"

पहिल्या तारखेला आम्ही सगळे कोर्टात होतो. न्यायाधीश मॅडम मवाळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी अमरसिंहांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासमोर उभे आहात. मग ठराव कशाला पाहिजे?"

"उभा तं हाय मॅडम," अमरसिंह म्हणाले. "पर कागदावर न्हाय."

मग टिंबावर अर्धा तास गेला. आण्णासाहेबांच्या वकिलांचं म्हणणं, माझ्या पक्षकारानं 'कै' हा नुसता हुंकार दिला, टिंब उच्चारलं नाही. टिंब उच्चारता येतच नाही. तेव्हा दोष टिंब देणाऱ्याचा. महालिंगप्पांनी सांगितलं की माझा संबंध कागद आणि शाईशी आहे. मग मला विचारलं गेलं, टिंब कुणी दिलं? मी म्हटलं, मी दिलं. का दिलं? मी एक पूर्णांक नऊ सेकंदांबद्दल सांगायला लागले. आमच्या वकिलांनी मागून माझी ओढणी ओढली.

नंतर आण्णासाहेबांच्या वकिलांनी ग्रुपवरच्या अंगठ्याचा मुद्दा काढला. छापायचा मजकूर वादीला आधी दाखवला होता आणि वादीनं अंगठा देऊन मंजूर केला होता. म्हणजे वादीनं स्वतःचं निधन स्वतः मान्य केलं आहे. कोर्टात लोक हसले. अमरसिंहांच्या वकिलांना हे माहीत नव्हतं, ते फाईल चाळू लागले.

मॅडमनी थेट अमरसिंहांना विचारलं की अंगठा तुम्ही दिला का.

"व्हय, दिला."

"मग वाचलं नाही का तुम्ही?"

"वाचलं की. पोरीचं नाव वाचलं. वैष्णवीत 'ष' पोटफोड्या हाय का, सौ. कां. नीट हाय का, शिक्षण लिवलंय का. समदं बरूबर हुतं म्हणून अंगठा दिला. माझं नाव कशाला बघू, मला म्हाईत हाय माझं नाव."

मी माझ्या वहीत बारा जणांची नोंद केली होती. त्याखाली तेरावी केली. दुसऱ्याचं नाव वाचणारा सतरा जणांत कळलेला हा एकटाच माणूस, आणि तेवढ्यामुळंच त्याच्या स्वतःच्या नावातली चूक निसटली होती. आण्णासाहेब भिंतीवरच्या पंख्याकडं बघत होते.

मॅडम म्हणाल्या, वादीनं पुढच्या तारखेला पुराव्याचं शपथपत्र द्यावं, ही शेवटची संधी, मी हे प्रकरण वाढवणार नाही. तारीख एकवीस. तिन्ही वकिलांनी डायऱ्या उघडल्या आणि माना हलवल्या.

लग्न एकवीसला होतं.

ही गोष्ट दाव्याच्या प्रत्येक पानाशी जोडलेली होती. पत्रिका पुरावा म्हणून दाखल होती, आणि तिच्यावर तारीख सोनेरी शाईत, सगळ्यात मोठ्या टाइपात होती. न्यायाधीशांनी, तीन वकिलांनी, नवरीच्या बापानं आणि मामानं तीच पत्रिका हातात धरून टिंब बघितलं होतं. माझ्या लक्षात आलं ते परतीच्या एसटीत, तुळजापूरच्या घाटात. मी महालिंगप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कोण परत पायऱ्या चढतंय, फोन करू." वकिलांना फोन त्यांनी दोन दिवसांनी केला.

तोवर कोर्टाच्या कागदावर तारीख लागून गेली होती. बदलायची तर वादीनं अर्ज करायचा, अर्जात कारण द्यायचं. अमरसिंहांचे वकील म्हणाले, भाचीच्या लग्नाला जायचंय असं लिहिलं तर दावा तिथंच बसेल. ज्या पत्रिकेबद्दल तक्रार, तिचंच आमंत्रण तुम्ही मान्य केलं असा अर्थ होतो. त्यांनी सुचवलं, आजारी आहे लिहू. अमरसिंह म्हणाले, "आधी मेलेला, आता आजारी. उलटं चाललंय व्हय समदं?" त्यांनी सही केली नाही.

चार दिवसांनी वैष्णवी प्रेसमध्ये आली. तिनं डी.फार्म. केलंय, नळदुर्गलाच एका मेडिकलमध्ये काम करते. कॉलेजची दोन वर्षं पहाटे सहाच्या गाडीला तिला मामा मोटारसायकलवरून सोडायचा, असं तिनं सांगितलं, तेही विचारल्यावर. ती म्हणाली, मामाकडं चाललेय, तुम्ही चला. मी म्हटलं, मी कशाला? ती म्हणाली, "टिंब तुमचं हाय ना."

आमच्याकडं अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. माइकवरून पुकारा होतो, मामांनी पाठीशी उभं राहावं. वैष्णवीला एकच मामा.

अमरसिंह गोठ्यात होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाय ताई, तुम्ही नोकर माणूस." आम्हाला खाटेवर बसवलं. वैष्णवीनं विचारलं, एकवीसला काय करणार. ते म्हणाले, कोर्टात तारीख आहे. तिनं विचारलं, माझ्यामागं कोण उभं राहणार. ते म्हणाले की तुझ्या बापाला इचार, त्यानंच मला वर पाठवलाय.

"आण्णांना विचारून आलेय," ती म्हणाली. "आण्णा म्हणले, एखादा चुलत मामा उभा करू. मी न्हाय म्हणले."

"मग?"

"खुर्ची ठेवणार. खुर्चीवर तुमचा फोटो. छापलंच हाय तसं, तं तसंच करू. हार बी आणलाय."

अमरसिंहांनी खाली वाकून म्हशीपुढची वैरण पुढं ढकलली. ती आधीच पुढं होती.

"कसला हार आणलास?" त्यांनी विचारलं.

"झेंडूचा."

"चेष्टा करतीस व्हय मामाची?"

"मी कुठं करतेय," ती म्हणाली आणि उठली. "कोर्टानं जिवंत हाय म्हटलं, तं नंतर कळवा. फोटो काढून घेईन."

प्रेसपाशी आल्यावर ती म्हणाली, हार आणलेला न्हाय. मग डोळे पुसले आणि मेडिकलमध्ये कामावर गेली.

एकवीस तारखेला महालिंगप्पा आणि मी अकराला धाराशिवच्या कोर्टात होतो. आण्णासाहेबांचे वकील होते, आण्णासाहेब अर्थात नव्हते. अकरा वाजून दहा मिनिटांनी अमरसिंह बोलेरोनं आले. पांढरा कडक नेहरू शर्ट, डोक्याला गुलाबी फेटा. कोर्टातले लोक त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी बाहेर बोर्ड बघितला. आमचा दावा चौदा नंबरला होता आणि आत तीन नंबर चालू होता.

मुहूर्त बारा पस्तीसचा, मंगल कार्यालय नळदुर्गला. अंतर पंचावन्न किलोमीटर. तुळजापुरात गर्दी नसेल तर बोलेरोनं एक तास दहा मिनिटं. म्हणजे निघायची शेवटची वेळ अकरा पंचवीस. हा हिशोब मी मनात केला. अमरसिंहांनीही केला असावा, कारण ते दर मिनिटाला घड्याळ बघत होते. त्यांनी वकिलांना विचारलं की नंबर वर घेता येईल का. वकिलांनी शिरस्तेदारांना विचारलं. शिरस्तेदार म्हणाले, कारण काय सांगू? वकील परत येऊन बाकावर बसले.

अकरा चोवीसला अमरसिंह बाकावरून उठले. शपथपत्र त्यांच्या हातात होतं, तयार, सही तेवढी राहिलेली. ते त्यांनी वकिलांच्या मांडीवर ठेवलं.

वकील म्हणाले, "अहो आबा, गेलात तर दावा निघून जाईल. मग तुम्ही जिवंत हाय असं कोण म्हणणार?"

"पाठीमागं कुणी नसलं तं जिवंत म्हणून तरी काय करायचं," अमरसिंह म्हणाले. कुणाच्या पाठीमागं, ते त्यांनी सांगितलं नाही. फेटा सांभाळत जिना उतरून गेले.

बारा बावीसला चौदा नंबर निघाला. शिपायानं दारात उभं राहून अमरसिंहांचं नाव तीन वेळा पुकारलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं. मॅडमनी विचारलं, वादी कुठं आहेत? वकील म्हणाले, मला सूचना नाहीत. मॅडमनी फाईलमधली पत्रिका उचलली. बहुतेक पहिल्यांदाच ती वरपासून वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, पत्रिका परत ठेवली आणि लेखनिकाला मजकूर सांगितला. वादी पुकारूनही गैरहजर. प्रतिवादी हजर. दावा काढून टाकण्यात येतो.

महालिंगप्पांना फार आनंद झाला. ते म्हणाले, आता जेवायला लग्नाला जाऊ.

आम्ही पोचलो तेव्हा दुसरी पंगत बसली होती. नवरदेवाच्या मित्रांना वरातीत नाचायचं होतं, त्यामुळं अक्षता एक वीसला पडल्या असं कळलं. अमरसिंह बारा चाळीसलाच येऊन उभे होते. चाळीस मिनिटं ते नवरीच्या मागची जागा सोडून हलले नाहीत, पाणी प्यायलाही नाहीत, असं कमलबाई म्हणाल्या. आण्णासाहेबांनी मध्ये एकदा त्यांना खुर्ची नेऊन दिली. ती त्यांनी घेतली नाही, पण नको असं तोंडानं म्हणाले. त्या दोघांत त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं.

अमरसिंह बुंदीचं भांडं घेऊन वाढत होते. माझ्यासमोर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं, दावा काढून टाकला.

"म्हणजे जिवंत का मेलेला?"

"कोर्टानं काहीच म्हटलं नाही."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना हेही सांगितलं की आपला नंबर बारा बावीसला लागला. थांबला असता तर इथं पोचायला एक बत्तीस झाले असते. अक्षता बारा मिनिटांनी चुकल्या असत्या. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि माझ्या पानात बुंदी वाढली, मी नको म्हणत असताना.

तीन आठवड्यांनी ते प्रेसमध्ये आले. वकिलांनी सांगितलं होतं, असा काढून टाकलेला दावा तीस दिवसांत पुन्हा चालू करता येतो, गैरहजेरीचं सबळ कारण देऊन अर्ज करायचा. वकिलांच्या टायपिस्टकडं जायचं सोडून ते माझ्याकडं का आले, ते मी विचारलं नाही. त्यांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. या वेळी एकेक शब्द त्यांना परत वाचून दाखवला. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य होतं. 'सदर दिवशी सदर वेळी अर्जदार हा आपली भाची चि. सौ. कां. वैष्णवी हिच्या पाठीशी उभा होता.'

प्रिंट काढून दिली. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, आपल्या नावासकट. मग कागद माझ्याकडं परत दिला.

"लॅमिनेट करा," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की लॅमिनेट केल्यावर त्यावर सही उमटणार नाही, कोर्ट फीचं तिकीट चिकटणार नाही, कोर्टात तो घेणार नाहीत.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "जाड प्लास्टिक हाय का?"